रस्त्याची कड

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी दादर स्थानकाच्या पश्चिमेला रस्त्याची कड नेमकी कोठे संपते, हे सांगणे अवघड असते. झेंडूच्या राशी, आपट्याच्या जुड्या, भाताच्या लोंब्या पदपथ ओलांडून खाली उतरलेल्या असतात. पादचारी त्यांना वळसा घालून रस्त्यावर येतो. त्याला चुकवण्यासाठी टॅक्सी उजवीकडे सरकते. थांब्यापाशी जागाच न उरल्याने बस मध्येच उभी राहते. वाहतुकीचे अभियंते या कडेच्या घर्षणाचेही गणित मांडतात. टोपली हातभर जागा अडवते. रस्ता मात्र एका अख्ख्या रांगेने अरुंद होतो. कारण चालक टोपलीला भीत नाही. टोपलीपुढे वाकलेले गिऱ्हाईक उठून पुढचे पाऊल कोठे टाकील, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून तो आधीच वेग आवरतो, आणि त्याच्यामागे सारेच आवरतात.

खिडकीतला प्रवासी घड्याळ पाहतो आणि फेरीवाल्यांच्या नावाने बोटे मोडतो. पुढच्या थांब्यावर तोच उतरून तोरणापुरत्या झेंडूचा भाव करू लागतो. याला ढोंग म्हणणे सोपे आहे. पण कचेरीतून थकून निघालेल्या माणसाला मंडईची वेगळी खेप परवडत नाही. बसमध्ये गेलेली मिनिटे त्याने मोजलेली असतात. वाचलेली खेप त्याच्या हिशेबात येत नाही. शिवाय कडेला उभी केलेली मोटार टोपलीपेक्षा कितीतरी अधिक जागा खाते. तिला कोणी शिव्या देत नाही, हेही नोंदवायला हवे.

पदपथावरील विक्री हा व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग आहे, मात्र वाजवी निर्बंधांसह, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली म्हटले. २०१४ मध्ये पथविक्रेत्यांसाठी केंद्रीय कायदा झाला. २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच स्थानकापासून १५० मीटरांच्या आत विक्रीला उच्च न्यायालयाने मनाई केली. मनाईमागील भय खरे आहे. गर्दीत अडकलेल्या रुग्णवाहिकेपुढे कोणाचाही युक्तिवाद लुळा पडतो. पण विक्रेता बसतो तो पावलांचा ओघ पाहून, आणि तो ओघ स्थानकाच्या तोंडाशीच असतो.

“गाडी आली!” अशी आरोळी उठते. क्षणात टोपल्या गल्लीत दिसेनाशा होतात. हातात नोट धरलेला प्रवासी मोकळ्या झालेल्या रस्त्यात तसाच उभा राहतो, आणि मागून आलेली बस त्याच्यावर भोंगा वाजवते.