टॉलपडल : एक गाव, एक नदी, सहा मजूर

इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट परगण्यात पिडल नावाची एक लहानशी नदी आहे. खडूच्या टेकड्यांत मुरलेले पाणी झऱ्यांवाटे तिला मिळते, म्हणून ती नितळ. वेअरहॅमजवळ ती खाडीला मिळते. काठच्या गावांनी तिचेच नाव घेतले आहे : पडलटाउन, अफपडल, टॉलपडल. टॉलपडल म्हणजे टोला नावाच्या बाईचे पडल. सुमारे हजार वर्षांपूर्वी ही जमीन तिची होती. एका बाईची मालकी गावाच्या नावात टिकून राहावी, याचे आम्हांला कौतुक वाटते.

या खोऱ्यात नदीचे पाणी चरांनी कुरणांत खेळवीत, गवत लवकर येई, मेंढ्या पोसत. पण शेतावर राबणाऱ्या मजुराला आठवड्याला मिळत ९ शिलिंग. त्याचे ८ झाले, मग ७, आणि पुढे ६ च देऊ, अशी धमकी आली. आम्ही हिशेबाची माणसे. मजुरीचा तिसरा हिस्सा गेला, तर घरात काय उरते ते वाचकांना सांगायला नको.

१८३३ साली मजुरांनी संघटना काढली. गावातल्या सिकॅमोरच्या झाडाखाली ते जमत. पुढारी जॉर्ज लव्हलेस, शेतमजूर आणि मेथॉडिस्ट धर्मोपदेशक. संघटना करणे १८२४ पासून गुन्हा नव्हता. मग सरकारने आरमारातील बंडानंतर केलेला १७९७ चा गुप्त शपथांचा कायदा शोधून काढला! नव्या सभासदाला डोळे बांधून शपथ देत, एवढे निमित्त पुरले. मार्च १८३४ मध्ये सहा जणांना सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ऑस्ट्रेलियाला पाठवले. मागे राहिलेल्या बायकापोरांना गावनिधीतून मदतही नाकारली.

२१ एप्रिल १८३४ रोजी लंडनमध्ये हजारो कामगारांचा मोर्चा निघाला. चळवळ थांबली नाही, आणि १८३६ मध्ये सरकारला माफी द्यावी लागली. परत आलेल्यांपैकी पाच जण पुढे कॅनडात स्थायिक झाले.

सहावा जेम्स हॅमेट. शपथेच्या बैठकीला तो नव्हताच, भावाच्या जागी पकडला गेला आणि गप्प राहिला, असे सांगतात. तो सर्वांत शेवटी, १८३९ मध्ये परतला, टॉलपडललाच राहिला, बांधकामावर मजुरी करी. म्हातारपणी दृष्टी गेली. घरच्यांवर भार नको म्हणून डॉर्चेस्टरच्या गरीबखान्यात (वर्कहाउसमध्ये) गेला व १८९१ साली तिथेच वारला.

ते झाड अजून उभे आहे. दर जुलैत कामगार संघटना आपापले झेंडे घेऊन गावात मिरवणूक काढतात. हॅमेटच्या कबरीवर मात्र नावाचा दगड बसला तो १९३४ साली.