माझा आवडता खेळ : फुटबॉल आणि माझी बॅकची जागा

कोल्हापुरात पेठेतल्या पोराला आपली तालीम कोणती हे आधी कळतं, पाढे नंतर. दुसरीकडे संघाला क्लब म्हणतात. आमच्याकडे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. नावं कुस्तीच्या मातीतली, पण शाहू स्टेडियमवर गर्दी होते ती फुटबॉलला.

मी बॅक खेळतो. फॉरवर्डनं दहा संधी घालवून एक गोल मारला की त्याला खांद्यावर घेतात. बॅकनं दहा वेळा बॉल अडवला आणि एकदा माणूस निसटला, तर गॅलरीतून जे ऐकू येतं ते निबंधात लिहिता येत नाही! आमच्या गावचा अनिकेत जाधव २०१७ साली दिल्लीत सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला. तो फॉरवर्ड, म्हणून इथं प्रत्येकाला फॉरवर्डच व्हायचं असतं. त्या स्पर्धेत भारतानं तीन सामन्यांत एक गोल केला आणि नऊ खाल्ले. मागं उभ्या असलेल्या पोरांची काय दमछाक झाली असेल, ते बॅकलाच कळतं.

यंदा माझी दहावी. "फुटबॉल खेळून पोट भरतंय व्हय?" असं म्हणून पप्पांनी जूनमध्येच बूट माळ्यावर टाकले.

खेळाच्या सरांना हे समजलं तेव्हा त्यांनी मला अॅलन पेजची गोष्ट सांगितली. अमेरिकेतला फुटबॉल वेगळा. तिथं बॉल हातात घेऊन पळतात आणि अडवायला अकरा जण वेगळेच ठेवलेले असतात. पेज त्या अडवणाऱ्यांतला. १९६७ पासून तो मिनेसोटा वायकिंग्ज संघात होता. १९७१ साली लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. बचावपटूला हा मान पहिल्यांदाच मिळाला. विशेष म्हणजे खेळता खेळताच त्यानं कायद्याचा अभ्यास केला आणि १९७८ मध्ये पदवी घेतली. १९८१ ला खेळ थांबवला. पुढं १९९२ साली तो मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आला आणि २०१५ पर्यंत न्यायाधीश राहिला.

मी हे सगळं घरी सांगितलं. पप्पा म्हणाले, "शिकला म्हणून जज्ज झाला त्यो. खेळला म्हणून न्हवं."

"पण दोन्ही एकदमच केलं की त्यानं, पप्पा."

ते काही बोलले नाहीत. आईच म्हणाली, "सहामाहीपर्यंत सकाळचं जाऊ दे त्याला. मार्क बघू, मग ठरवू." संध्याकाळची प्रॅक्टिस बंद, तालमीच्या मॅच बंद. सेंटर बॅकला माझ्या जागी आता दुसरा पोरगा खेळतो, आणि बरा खेळतो, हे जास्त टोचतं.

सहामाही झाली. गणिताचा पेपर बरा गेला, इंग्रजीचं सांगता येत नाही. निकाल पुढच्या आठवड्यात आहे. तोवर रोज पहाटे साडेपाचला मी बूट घालतो. दाराची कडी पप्पाच काढून देतात.