नळीमागच्या रेघा

केसलापूरची नागोबाची जत्रा नुकतीच आटोपली होती. लॅबचं शटर ओढून घराकडे निघालो, तेवढ्यात अमेरिकेतून मावसबहिणीचा फोन आला. "दादा, मुलगी दाखवलीय आम्हाला," एवढंच बोलली आणि रडायला लागली. ते आनंदाचं रडणं नव्हतं, हे लगेच कळलं.

कित्येक वर्षं ती दोघं मूल दत्तक घ्यायची वाट पाहत होती. परदेशात राहणाऱ्या भारतीयांनाही 'कारा' या केंद्रीय दत्तक प्राधिकरणामार्फतच जावं लागतं. एखाद्या मुलाचं नाव पुढे आलं की त्याच्याबरोबर दोन कागद येतात, एक बाल अध्ययन अहवाल आणि दुसरा वैद्यकीय तपासणी अहवाल. होकार द्यायचा तो या कागदांवर सही करून, आणि तोही मुदतीत. तिथल्या डॉक्टरांची वेळ आठवड्यानंतरची मिळाली होती. तोवर तिला धीर निघेना. तिने कागद माझ्याकडे पाठवले.

मी डॉक्टर नाही. तेलंगणातल्या इचोड्यात रक्त-लघवी तपासतो. पण तिने ज्या तीन ओळींखाली लाल रेघ मारली होती, त्या तिन्ही माझ्या रोजच्या कामातल्या होत्या.

पहिली होती, 'अँटी-एचबीएस रिअॅक्टिव्ह'. जावईबापूंनी रात्रभर हिपॅटायटिस बी हा आजार वाचून काढला होता. मी म्हटलं, ही अँटिबॉडी आहे. पोरीला लस दिलीय आणि ती लागू पडलीय, असाच बहुधा त्याचा अर्थ. आजाराची खूण म्हणजे 'एचबीएसएजी'. ती दोन ओळी खाली निगेटिव्ह लिहिलेली होती. एवढ्याशा फरकाने दोन माणसांची झोप गेली होती.

उरलेल्या दोन ओळी मात्र एकमेकींशी भांडत होत्या. एकीत 'सिकलिंग टेस्ट निगेटिव्ह', दुसरीत 'हिमोग्लोबिन एएस पॅटर्न'. "यातलं खोटं कुठलं, दादा?"

आमच्या भागात सिकल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं नाव पोरांनाही माहीत असतं. साधी तपासणी अशी असते: औषधाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकायचा, हलवायचं, थोडं थांबायचं आणि नळी रेघा मारलेल्या कागदापुढे धरायची. नळीतून पलीकडच्या काळ्या रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. पाणी गढूळ होऊन रेघा बुडाल्या तर पॉझिटिव्ह. मी वहीचा एक कागद त्यासाठी भिंतीला चिकटवून ठेवलाय, हात लागून लागून तो पिवळा पडलाय. पण ही नळी दोन ठिकाणी फसवते. नुसता वाहक असो की खरा आजारी, पाणी दोघांचंही गढूळच होतं. म्हणून पॉझिटिव्ह आला की नमुना पुढच्या तपासणीला पाठवावाच लागतो. आणि तान्ह्या बाळाच्या अंगात आईच्या पोटातलं, गर्भाचं हिमोग्लोबिनच जास्त असतं. सिकलचा अंश असूनही पाणी नितळ राहतं, रेघा स्वच्छ दिसतात. सहा महिन्यांच्या आत या तपासणीवर मी कधीच विसंबत नाही.

मी तिला म्हटलं, "कुठलं खोटं ते मागून बघू. आधी तारखा विचार." सिकलिंगच्या तपासणीपुढे तारीखच नव्हती. संस्थेकडून दोन दिवसांनी उत्तर आलं. त्या तपासणीच्या वेळी पोरगी दोन महिन्यांची होती. एएसचा रिपोर्ट तेराव्या महिन्यातला. म्हणजे खोटं कुठलंच नव्हतं. मधल्या महिन्यांत पोरगी वाढली होती, तिचं रक्त बदललं होतं. दुसऱ्या रिपोर्टात ए, म्हणजे साधं हिमोग्लोबिन, ५७ टक्के आणि एस, म्हणजे सिकलचं, ३५ टक्के होतं. ए हे एसपेक्षा जास्त, म्हणजे वाहक. एसएस, म्हणजे आजारी, असती तर ए दिसलंच नसतं. वाहकाला सहसा दुखण्याचे झटके येत नाहीत, तो चारचौघांसारखा जगतो. पुढे लग्नाच्या वेळी मात्र जोडीदाराचं रक्त तपासायला हवं, कारण दोघंही वाहक असले तर प्रत्येक खेपेला बाळ आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. अमेरिकेत तर २००६पासून सगळ्याच राज्यांत नवजात बाळांची ही तपासणी होते. तिथल्या डॉक्टरांना हे नवं नाही, हे ऐकून तिचा जीव भांड्यात पडला.

मग मावशीचा फोन आला. तिने हळूच विचारलं, "म्हणजे ती आदिवाशाची आहे का रे?" मला राग आला. सिकल आदिवासींत जास्त आहे हे खरं, पण माझ्या टेबलावर इतर जातींचेही रिपोर्ट पॉझिटिव्ह येतात. रक्तातल्या एका अक्षरावरून कुणाची जात ठरत नाही, आणि ठरली असती तरी पोरगी तीच राहिली असती. हे मी मावशीला स्पष्ट सांगितलं. ती गप्प झाली.

पण तिच्या प्रश्नाने मी पुन्हा कागद उघडले. १९९३च्या हेग कराराच्या १६व्या कलमात मुलाच्या अहवालात कुटुंबाचाही वैद्यकीय इतिहास असावा असं म्हटलंय. भारताने तो करार २००३मध्ये मान्य केला. इथे मात्र आईपुढे 'माहीत नाही', बापापुढे 'माहीत नाही', जन्मवेळचं वजन 'माहीत नाही'. पोर सापडलेली होती, कोण सांगणार? त्या सगळ्या रिकाम्या रकान्यांत जन्मदात्यांकडून आलेली ही एकच गोष्ट लिहिलेली होती. जिने तिला जन्म दिला किंवा ज्याने दिला, त्या दोघांपैकी एकाकडून हे एस आलं होतं. ज्या अक्षराला बहीण चार दिवस घाबरत होती, ते बघत मी बराच वेळ बसून राहिलो.

हे तिला सांगावं की नाही, ठरवता येईना. शेवटी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, हे मराठीत एका कागदावर लिहून दे. ती मोठी झाली की मी वाचून दाखवीन."

दुसऱ्या दिवशी गर्दी ओसरल्यावर लॅबच्या लेटरहेडवर लिहायला बसलो. आधी तारखा लिहिल्या, दोन्ही.