मांजरसुंब्याच्या माळावरील शेजारधर्म

मराठवाड्याचें नांव निघालें कीं आपल्यापैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें उन्हानें करपलेला माळ, आटलेली विहीर आणि पाण्याच्या टँकरपुढील घागरींची रांग एवढेंच चित्र उभें राहतें. हें चित्र खोटें नाहीं. परंतु अपुरें मात्र खास आहे. ज्यास तें पुरें करून घ्यावयाचें असेल त्यानें पावसाळ्याच्या अखेरीस बीडहून दक्षिणेस निघावें. पाली गांव व बिंदुसरेचें धरण मागें टाकून रस्ता बालाघाटाच्या डोंगरांत शिरतो, वळणें घेत घाट चढतो आणि वीसेक किलोमीटरांवर मांजरसुंब्याच्या चौफुलीवर येऊन पोहोंचतो. धुळें-सोलापूर आणि अहिल्यानगर-अहमदपूर हे दोन हमरस्ते येथें एकमेकांस छेदतात. उपाहारगृहांची गर्दी, मालमोटारींचे कर्णे, प्रवाशांची लगबग यांत चहाचा पेला संपवून मनुष्य पुढें निघून जातो. आपण कोणत्या भूमीवर उभे होतों याची त्यास बहुधा कल्पनाहि नसते.

ही भूमि म्हणजे पाण्याची वांटणी करणारा एक माथा आहे. उत्तरेच्या उतारावरील पाणी बिंदुसरा व सिंदफणा यांच्या वाटेनें गोदावरीस मिळतें. दक्षिणेचें पाणी मांजरा नदी नेते. ही मांजरा शेजारच्या पाटोदा तालुक्यांत गवळवाडीजवळ उगम पावते, सातशेंहून अधिक किलोमीटरांचा फेरा घेते, आणि अखेरीस तीहि गोदावरीसच मिळते. मांजरसुंब्याच्या जवळच कपिलधार हें क्षेत्र आहे. तेथें मन्मथस्वामींची समाधि असून पावसाळ्यांत कड्यावरून धबधबा कोसळतो, आणि कार्तिकी पौर्णिमेस वीरशैव भाविकांची मोठी यात्रा भरते. देवाच्या नांवानें झाड राखावें, झऱ्याचें पावित्र्य सांभाळावें ही आपली जुनी रीत. परंतु मोर, कोल्हा, लांडगा, साप यांस देवस्थानाची हद्द पुरत नाहीं. त्यांचा संसार माणसांच्या शेतांतून आणि विहिरींच्या कांठांवरूनच चालतो.

मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या वाटेस लागलें कीं नायगांवचें मयूर अभयारण्य लागतें. सुमारें तीस चौरस किलोमीटरांचें हें रान १९९४ सालीं मोरांसाठीं राखून ठेवण्यांत आलें. निबिड अरण्याची आशा धरून जाणारा येथें निराश होईल. बोर, बाभूळ, सीताफळ अशीं काटक झाडें, गवताचे उतार आणि दगडी ओघळी यांखेरीज प्रथमदर्शनीं कांहींच दिसत नाहीं. पण पहांटे एका टेकाडावरून केका उठते, दुसऱ्या टेकाडावरून तिला उत्तर येतें, आणि मग हा ओसाड वाटणारा माळ किती भरलेला आहे तें ध्यानांत येतें.

मोराला १९६३ सालीं राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाला आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याच्या शिकारीस बंदी झाली. परंतु चित्रांत शोभणारा हा पक्षी शेतांत उपद्रवीहि असतो. तो पेरलेले दाणे टिपतो, कोवळे कोंब खुडतो. बियाण्यास लावलेल्या विषारी औषधानें मोर मरतात, ही गोष्ट खरी. पण तें बियाणें पुष्कळदां उसनवारीनें आणलेलें असतें, आणि पेरणी मोडल्यास दुसरीचें बळ नसतें, हीहि तितकीच खरी. याच जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दरसाल दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं घरदार सोडून जातात. त्या शेतकऱ्यास ‘मोर जगवा’ असें सांगणें सोपें आहे. त्या मोराचा खर्च कोणाच्या खातीं पडतो, हें विचारणें अवघड आहे.

केवळ फर्मानानें रान राखलें जात नाहीं याचें उदाहरण दूर शोधावयास नको. सोलापूर व नगर या जिल्ह्यांत १९७९ सालीं माळढोक पक्ष्यासाठीं साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें. त्यांत शेतें आलीं, गांवें आलीं. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि लोकांच्या मनांत त्या पक्ष्याविषयीं अढी बसली. पुढें तें क्षेत्र सुमारें सव्वाबाराशें चौरस किलोमीटरांवर आणावें लागलें. पण तोंपर्यंत माळढोक महाराष्ट्रांतून जवळ जवळ दिसेनासा झाला होता. माळ म्हणजे पडीक जमीन, ही आपली समजूतहि त्यास कारण झाली.

म्हणूनच या भागांत जीं माणसें स्वयंस्फूर्तीनें वन्यजीवांच्या कामास लागलीं आहेत त्यांचें मोल अधिक. शिरूर कासार तालुक्यांतील तागडगांव येथें सिद्धार्थ व सृष्टि सोनवणे या दांपत्यानें ‘सर्पराज्ञी’ नांवाचें केंद्र उभें केलें. जखमी झालेल्या पशुपक्ष्यांस आणावें, औषधपाणी करावें आणि बरे होतांच पुन्हां रानांत सोडावें, हें तेथील काम. विहिरीस कठडा नसला म्हणजे पाण्याच्या शोधांत फिरणारें जनावर आंत पडतें; अशा वेळीं दोर घेऊन कोणी तरी उतरावें लागतें. परंतु अशा कार्यकर्त्यांचें दुसरें काम याहून मोठें आहे. तें म्हणजे शाळेच्या पडवींत किंवा देवळाच्या ओट्यावर बसून गांवाशीं बोलणें. कीर्तनानें घडलेल्या आपल्या समाजास ऐकण्याची संवय आहे. विषय मात्र नवा आहे.

या बोलण्याची गरज किती आहे तें लवूळच्या प्रकरणानें दिसून आलें. माजलगांव तालुक्यांतील या गांवीं २०२१ च्या डिसेंबरांत वानरें कुत्र्यांचीं पिल्लें उचलून झाडांवर व छपरांवर नेऊं लागलीं. ‘वानरांनीं सूड उगवून अडीचशें पिल्लें मारलीं’ अशी बातमी जगभर पसरली, आणि वनखात्याच्या पथकानें दोन वानरें पकडून नेलीं. जाणकारांनीं सांगितलेला अर्थ मात्र निराळा होता. अंगावरील उवा-गोचिडी वेंचण्याची वानरांची उपजत संवय असते. पिल्लू उंचावर राहिलें कीं अन्नपाण्यावांचून दगावतें. सूड ही माणसाची भाषा, आणि ती आपण वानरांच्या तोंडीं घातली.

सापांविषयींहि तेंच. माणसाच्या जिवावर उठणारे आपल्याकडील मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें. बाकीचे बहुतेक निरुपद्रवी असून उंदरांचा फडशा पाडून धान्य राखतात. मण्यार रात्रीं फिरते आणि जमिनीवर झोंपलेल्या माणसास चावते. दंश इतका सूक्ष्म कीं पुष्कळदां कळतहि नाहीं. मांत्रिकाकडे घालविलेली घटका प्राणावर बेतते. घोड्याच्या रक्तद्रवापासून बनविलेली लसच खरा उपाय, आणि ती दवाखान्यांतच मिळते. एवढें ज्ञान घरांतील आजीबाईंपासून नातवंडांपर्यंत पोहोंचलें तर साप आणि माणूस दोघेहि वांचतील.

भय सर्वस्वी खोटें असतें असेंहि नव्हे. २०२० च्या नोव्हेंबरांत याच जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांत बिबट्यानें माणसें मारलीं, आणि डिसेंबरांत करमाळा तालुक्यांत त्यास गोळी घालावी लागली. ज्याच्या घरचें माणूस गेलें त्यास निसर्गप्रेमाचा उपदेश करणारा निर्दय होय. व्याख्यात्यानें प्रथम त्याचें दुःख ऐकावें. आणि शिकावेंहि, कारण रानाची विद्या मूळची धनगराची, पारध्याची, गुराख्याची. सोलापूरचे मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) वनखात्यांत आयुष्य घालवून ‘पक्षिकोश’ लिहूं शकले, २००६ सालीं साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या शब्दभांडारांतील कितीतरी शब्द अशाच माणसांच्या तोंडून आलेले होते.

आपलें काय कर्तव्य? बीडजवळ पालवण येथें फेब्रुवारी २०२० मध्यें वृक्षसंमेलन भरलें आणि अध्यक्षस्थान वडाच्या झाडास देण्यांत आलें. अशा उत्सवांस जावें. पण तेवढ्यावर थांबूं नये. ज्यांची गांवाकडे वडिलोपार्जित शेती असेल त्यांनीं विहिरीस कठडा बांधावा, आणि पडलेल्या जिवास वर येतां येईल अशी उतरती फळी ठेवावी. संक्रांतीस मुलांच्या हातीं नायलॉनचा मांजा देऊं नये. घरीं साप निघाल्यास काठी उचलण्याआधीं सर्पमित्रास बोलवावें, आणि त्याच्या येण्याजाण्याचा खर्च न मागतां द्यावा. आणि कधीं मांजरसुंब्याच्या चौफुलीवर गाडी थांबलीच, तर मुलांना घेऊन अर्धा दिवस नायगांवच्या रानांत घालवावा. परततांना जवळच्या शेतकऱ्याशीं दोन शब्द बोलावे. मोराला जो आपल्या वांट्याचे दाणे देतो तो आपल्याहि वतीनें देत असतो, हें मुलांना त्याच्या बांधावरच कळूं द्यावें.