अठरा हजारांतलं एक

विमाननगर-खराडीकडच्या ऑफिसांत बसून कोड लिहिणाऱ्या मंडळींना डोक्यावरून जाणाऱ्या सुखोईचा आवाज काही नवीन नाही. कॉल चालू असतो, आपण म्यूट दाबतो, आवाज जातो, आपण परत बोलायला लागतो. पण याच लोहगावच्या धावपट्टीवरून १९५०-६०च्या दशकांत चार पंख्यांची अवाढव्य बाँबर विमानं उडायची, हे फार कमी जणांना माहीत असतं. भारतीय वायुसेनेच्या ६ नंबरच्या स्क्वाड्रनची ही लिबरेटर विमानं. समुद्रावर लांबवर गस्त घालणं हे त्यांचं मुख्य काम.

जुनी लष्करी विमानं परत उभी करणाऱ्या लोकांबद्दल मी बरेच दिवस मिळेल ते वाचतोय. त्यांना सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न एकच, स्पेअर पार्ट आणायचा कुठून? त्या प्रश्नाचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर आपल्याच देशात निघालं. म्हणून हा लेखनप्रपंच.

लिबरेटर म्हणजे बी-२४. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ही विमानं १८ हजारांहून जास्त बनवली. फोर्ड कंपनीच्या मिशिगनमधल्या विलो रन कारखान्यातून ऐन भरात तासाला साधारण एक विमान बाहेर पडायचं. विमान हं, मोटार नव्हे! आता सांगा, इतक्या संख्येने बनलेली वस्तू दुर्मिळ कशी होईल? पण झाली. युद्ध संपलं आणि अमेरिकेने ही विमानं हजारोंनी भट्टीत घातली, ॲल्युमिनियम म्हणून. आज जगात धड अवस्थेतली लिबरेटर उरली आहेत जेमतेम डझन-दीड डझन. आणि त्यातली बरीचशी भारतातून गेलेली आहेत.

ते कसं, ही गोष्ट मला फार आवडते.

ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सला ही विमानं अमेरिकेकडून लेंड-लीज करारावर मिळाली होती. अट अशी की युद्ध संपल्यावर परत करा, नाहीतर मोडीत काढा. त्यामुळे कानपूरच्या तळावर उभी असलेली लिबरेटर जाता जाता मुद्दाम निकामी करून ठेवली होती. इंजिनात वाळू घातलेली, यंत्रं फोडलेली, पत्रा ठोकून वाकवलेला. पुन्हा कुणी उडवू नये हाच उद्देश.

१९४८ साली नव्या देशाला लांब पल्ल्याचं बाँबर हवं होतं, आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. मग बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या (म्हणजे आजच्या एचएएलच्या) लोकांना कानपूरला पाठवलं. त्यांच्यासमोर मोडकी विमानं ढिगाने उभी होती. याचं चाक, त्याचा पंखा, तिसऱ्याचं अल्टिमीटर असं करत त्यांनी एकेक विमान जेमतेम उडण्याइतकं जुळवलं. ती विमानं कानपूरहून बंगळूरला, म्हणजे दीड हजार किलोमीटर, उडवत नेली कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी. त्याआधी त्यांनी लिबरेटर कधी चालवलेलं नव्हतं! तिकडे नीट दुरुस्ती होऊन अशी सुमारे ४० विमानं वायुसेनेला मिळाली. नोव्हेंबर १९४८मध्ये ५ नंबरचं स्क्वाड्रन त्यांच्यावर उभं राहिलं. आणि ही 'निकामी' विमानं पुढे २० वर्षं, १९६८पर्यंत, सेवेत होती.

या गोष्टीकडे आपण सहसा 'बघा, आपली माणसं किती हुशार' म्हणून बघतो. हुशार तर होतीच. पण इंजिनिअर म्हणून मला त्यात दुसरंच काही दिसतं. कानपूरचा तो ढीग हेच त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. एक उडवायचं तर दुसरं खायचं. ही पद्धत ढीग आहे तोवर चालते. आज कुणाला लिबरेटर उभं करायचं तर ढीगच नाही.

मग आजचे लोक काय करतात? त्यांच्याकडे ढोबळमानाने तीन रस्ते असतात.

पहिला, कुठेतरी डब्यात बंद पडलेला, कधीच न वापरलेला जुना भाग शोधायचा. धातूच्या भागांना हे चालतं. पण रबराची सील, नळ्या, टायर? रबर फळीवर पडून पडूनच म्हातारं होतं. 'नवाकोरा' असला तरी उपयोग शून्य.

दुसरा, पडलेल्या विमानांच्या सांगाड्यातून काढायचा. इथे गंजाची भीती. ॲल्युमिनियमचा पत्रा वरून छान दिसतो आणि आतून पापुद्रे सुटलेले असतात.

तिसरा, नवीन बनवायचा. हा सगळ्यात सोपा वाटतो, पण सगळ्यात अवघड आहे. हातात असलेल्या जुन्या भागाची मापं घेऊन नक्कल केली, तर त्या भागाची ७०-८० वर्षांची झीजसुद्धा नकलेत येते! मूळ ड्रॉइंग लागतं, मिश्रधातू कोणता ते लागतं, तो किती तापवून कसा थंड केला ते लागतं. साधा रिव्हेट घ्या. काही जातींचे रिव्हेट तापवून झाले की फ्रीझरमध्ये ठेवावे लागतात, कारण बाहेर ठेवले तर आपोआप कडक होतात आणि ठोकताना तडकतात. हे नुसतं रिव्हेटकडे बघून कळेल का? म्हणजे दुर्मिळ असतो तो बऱ्याचदा भाग नव्हे, त्या भागाबद्दलची माहिती. सोर्स कोड हरवलेला आणि फक्त चालू बायनरी हातात असलेला प्रोजेक्ट ज्यांनी सांभाळलाय, त्यांना हे दुःख वेगळं समजवायला नको. :)

आता मजा बघा. याच लिबरेटरचं इंजिन मात्र त्या मानाने सहज मिळतं. प्रॅट अँड व्हिटनीचं आर-१८३०, १४ सिलिंडरचं. का मिळतं? कारण याच घराण्यातलं इंजिन डाकोटालाही होतं, आणि डाकोटा युद्धानंतर भट्टीत गेली नाहीत, कामाला लागली. प्रवासी, टपाल, माल, वाट्टेल ते वाहत राहिली. कामाला होती म्हणून भाग बनत राहिले, वर्कशॉप चालू राहिली, आणि हाताखाली शिकणारी नवी पोरंही येत राहिली.

माझ्या मते सगळ्या विषयाचं सार एवढंच. एखादा भाग मिळेल की नाही, हे तो किती संख्येने बनला होता यावर ठरत नाही. तो शेवटपर्यंत किती ठिकाणी वापरात राहिला यावर ठरतं.

म्हणूनच २०१८ साली आपल्या वायुसेनेच्या ताफ्यात 'परशुराम' हे डाकोटा येऊ शकलं. राजीव चंद्रशेखर यांनी ते आयर्लंडमधून भंगारात घेतलं, इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेतलं आणि वायुसेनेला भेट दिलं. त्यांचे वडील डाकोटाचे वैमानिक. एप्रिल २०१८मध्ये ते विमान इंग्लंडहून स्वतःच्या पंखांवर उडत भारतात आलं. त्यावरचा व्हीपी ९०५ हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा आहे. विमान ते नव्हे, क्रमांक तेवढा तो. तरी लोकांचे डोळे पाणावतातच.

आपली लिबरेटर मात्र बाहेर गेली. एक १९६८मध्ये कॅनडाला, त्यांनी बदल्यात आपल्याला लायसँडर जातीचं विमान दिलं (या जगात पैशापेक्षा अदलाबदल जास्त चालते!). एक १९६९मध्ये उडत अमेरिकेत टूसानच्या पीमा संग्रहालयात. एक १९७४मध्ये इंग्लंडला. आणखी एक भारतात पडून होतं, ते इंग्लंडमार्गे १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे पोचलं. आधी ते नुसतं मांडून ठेवायचं ठरलं होतं, नंतर उडवायचंच असं ठरलं, आणि १९८९मध्ये ते उडालं. पुढे तीस वर्षं लोक तिकीट काढून त्यात बसत होते.

इथे माझ्या सिद्धांताला एक वाईट टोक आहे, ते लपवून चालणार नाही. २ ऑक्टोबर २०१९ला त्याच संस्थेचं बी-१७ हे दुसरं जुनं बाँबर कनेक्टिकटमध्ये कोसळलं. ७ माणसं गेली. तपासात वैमानिकाच्या चुकांबरोबर देखभालीतल्या त्रुटीही निघाल्या. एका इंजिनाच्या मॅग्नेटोची वायर तारेने बांधून ठेवलेली होती, ती सरकली आणि तो मॅग्नेटो बंद पडला. मार्च २०२०मध्ये संस्थेची प्रवासी नेण्याची परवानगी गेली. 'तात्पुरतं बांधून ठेवू, नंतर बघू' हे वाक्य आपणही किती वेळा म्हणतो. आपल्याकडे त्यातून रात्री अडीचला फोन येतो, एवढंच. कानपूरला १९४८मध्ये जी जोडाजोडी शौर्य होती, तीच तिकिटाचे पैसे देऊन बसलेल्या माणसांच्या बाबतीत गुन्हा ठरू शकते.

मग ही विमानं उडवावीत की काचेआड ठेवावीत? उडवली तर झिजतात, कधी पडतात, आणि पडलेलं परत मिळत नाही. ठेवली तर पत्रा टिकतो, पण मॅग्नेटोचं टायमिंग लावणारा शेवटचा माणूस निवृत्त होतो आणि त्याच्याबरोबर ती विद्याही जाते. मला विचाराल तर, एकच शिल्लक असेल तर ठेवा. दोन-तीन असतील तर एक उडवा, प्रवासी न घेता, आणि त्यावर विशीतली पोरं कामाला लावा. विमानापेक्षा त्या पोरांसाठी.

असो. दिल्लीला जाणं झालं तर पालमच्या वायुसेना संग्रहालयात एक लिबरेटर आहे, ते नक्की बघा. १८ हजारांतलं ते एक. कुणीतरी ते मुद्दाम मोडलं होतं, आणि कुणीतरी ते हट्टाने जोडलं होतं.