बसल्याचे पैसे

आमच्या फोपनारला पार्सलवाला मुलगा साधारण चारच्या सुमाराला येतो. मोटारसायकलवर मागे त्याच्याहून मोठी काळी बॅग, पुढे टाकीवरही दोन-तीन खोकी. दारातूनच "काकू, ओटीपी!" अशी हाक देतो आणि मी हातातलं काम टाकून मोबाइल शोधायला लागते. हे वेड सुनेनं लावलं. आधी मीच नावं ठेवायची, बऱ्हाणपूरच्या बाजारात काय मिळत नाही म्हणून! आता डाळ धुवायच्या चाळणीपासून शास्त्राच्या चौकीवरच्या कापडापर्यंत सगळं दारात येतं. तुमच्याकडेही येत असेलच.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. दशलक्षण चालू होतं. माझं एकाशन, त्यामुळे संध्याकाळी स्वयंपाकघरात काम नव्हतं. ओसरीत बसले होते तर दिवेलागणीला हा आला, नखशिखांत भिजलेला. (पर्वात खरेदी करू नये हे मला कळतं. ऑर्डर आधीची होती.) त्याला टॉवेल दिला, पाणी दिलं. काही खातोस का विचारलं तर नको म्हणाला, पुढच्या गावी अजून एक खोकं द्यायचं होतं.

"आज किती झाली रे?"

"सहा, काकू."

"मग बरंय. आज हलका दिवस."

तो हसला. "हलका कसला काकू, पेट्रोलसुद्धा सुटलं नाही."

तेव्हा मला पहिल्यांदा त्याचा हिशोब कळला. त्याला पगार नाही. पार्सलमागे पैसे, तेही पार्सल हातात पोचलं तर. घराला कुलूप असलं, माणूस "आता नको" म्हणाला, तर ते खोकं परत न्यायचं आणि त्या खेपेचं काही नाही. गाडी त्याची, गाडीचा हप्ता त्याचा, पेट्रोल त्याचं, पंक्चरही त्याचंच. सकाळी आठला बऱ्हाणपूरच्या गोदामावर हजर व्हायचं. मोठी गाडी आली की माल उतरवायचा, गाववार लावायचा, मग निघायचं. गाडी अकराला आली तर अकरापर्यंत बसायचं. त्या तीन तासांचे पैसे कोण देतं, असं मी विचारलं. प्रश्न त्याला जरा विचित्रच वाटला. "बसल्याचे कोण देणार, काकू?"

आणि मागच्या दिवाळीच्या सेलमध्ये म्हणे एका दिवसाला सत्तर-सत्तर खोकी होती. रात्री दहा वाजले तरी संपेनात. दिवाळी झाली आणि पुढच्या आठवड्यात दिवसाला पाच.

मग मला माझा एक चांगुलपणा आठवला. हा पोरगा एवढ्या उन्हात एकेका चाळणीसाठी हेलपाटे घालतो म्हणून मी मध्यंतरी ठरवलं होतं की सगळ्या वस्तू एकदमच मागवायच्या. तशा मागवल्या. चार वस्तू एकाच खोक्यात आल्या. मला वाटलं, त्याच्या तीन खेपा वाचवल्या. वाचवल्या खऱ्या, पण त्याला एकाच पार्सलचे पैसे मिळाले. ते मी त्याला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

दशलक्षणात आमच्या घरी तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतात. त्या दिवशी सकाळीच सातवा झाला होता. गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार तुम्हालाही पाठ असतील: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. लहानपणी आजी हे सांगायची तेव्हा अतिभारारोपण म्हटलं की डोळ्यासमोर आमची बैलगाडी यायची. बैलावर जास्त ओझं घालू नये. माणसावरही नको, हे ती ओझ्यानं वाकलेल्या हमालाकडे बोट दाखवून सांगायची. सत्तर खोक्यांचा दिवस त्या शब्दात बसतो. पण सहा खोक्यांचा दिवस कुठे बसवायचा? बैलाला काम नसलं तरी वैरण टाकावीच लागते. कुणी असं म्हणत नाही की आज नांगर नव्हता, तेव्हा दावणीला काही टाकू नका.

पूर्वी आमच्याकडे सालदार असायचा. आखाजीला साल ठरायचं. वर्षाचे पैसे, दाणे, कपडे, सगळं त्या दिवशी बोललं जायचं. मग पाऊस पडो न पडो, त्याचं ठरलेलं त्याला मिळायचं. हे मी कौतुकानं सांगत नाही. माझ्या सासऱ्यांचा सालदार पहाटे चारला गोठ्यात असायचा आणि रात्री शेवटचं दार तोच लावायचा. त्याला दाण्याची हमी होती, पण त्याच्या तासांना शेवट नव्हता. पार्सलवाल्या पोराला उलट सांगतात की तू मालक, वाटेल तेव्हा काम कर. कागदावर तो "पार्टनर" आहे.

याच रस्त्यानं आणखी एक माणूस गावात सामान वाटतो, आमच्या डाकेचा ग्रामीण डाकसेवक. पत्रं आता कुठे येतात! तोही खोकीच आणतो, बँकेचे लिफाफे, मुलांची पुस्तकं. एकदा पार्सलवाला आणि तो आमच्याच ओट्यावर एकदम भेटले. मी चहा दिला आणि भोचकपणे दोघांनाही मिळकत विचारली. डाकसेवकभाऊंचं रडगाणं मोठं होतं: पूर्ण सरकारी नोकर धरत नाहीत, पेन्शनचं नाव नाही, काम तासांपेक्षा जास्त. सगळं खरं. पण त्यांचे तास कागदावर आहेत. 2018 च्या मे महिन्यात देशभरातल्या डाकसेवकांनी संप केला होता. गावोगावची डाकघरं दोन आठवडे बंद होती. 6 जूनला केंद्र सरकारच्या मंत्रिमंडळानं नवे दर मान्य केले. पत्रं वाटणाऱ्या डाकसेवकाला दिवसाच्या चार तासांसाठी महिन्याला किमान 10,000 रुपये आणि पाच तासांसाठी 12,000, महागाई भत्ता वेगळा. हे आकडे फार मोठे नाहीत. पण झोळी रिकामी आली म्हणून भाऊंचे चार तास दोन होत नाहीत.

पार्सलवाला ऐकत होता. म्हणाला, "आणि एकही टपाल आलं नाही तर?"

"तरी चार तास."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

बसून राहण्याचेही पैसे द्यायचे, ही कल्पना मला तरी अगदी नवी नव्हती. माझे मामेसासरे मुंबईच्या गोदीत कारकून होते. ते सांगायचे, जहाज कधी लागेल ते समुद्रालाच ठाऊक. जुन्या काळी शेकडो माणसं पहाटे गोदीच्या फाटकाशी उभी राहायची. मुकादम बोट दाखवील तो आत, बाकीचे घरी. त्यावर 1948 साली कायदा झाला आणि 1951 मध्ये मुंबईच्या गोदी कामगारांसाठी योजना आली. कामगारांची नोंदणी झाली, बोर्ड आलं. नोंदलेल्या माणसाला महिन्यातल्या ठरावीक दिवसांच्या पगाराची हमी. हजर राहिला आणि काम नाही मिळालं तर हजेरीभत्ता. आणि कामावर घेतलं पण काही कारणानं काम सुरूच झालं नाही, तर आणखी एक रक्कम होती. तिचं इंग्रजी नाव मामेसासरे मोठ्या चवीनं सांगायचे: डिसअपॉइंटमेंट मनी. हिरमोडीचे पैसे! आम्ही सगळ्या बायका हसायचो. आमच्या हिरमोडीचे कोणी दिले असते तर आज सगळ्यांचे बंगले असते. पण सरकारी कागदावर हा शब्द कोणीतरी लिहिला होता, आणि त्याप्रमाणे पैसे दिले जात होते. पुढे 1969 मध्ये महाराष्ट्रात माथाडी कामगारांसाठी कायदा झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. एकच मालक नसलेल्या हमालाचाही हिशोब बोर्ड ठेवू शकतं, हे तिथे दिसलं.

तेव्हा "यांचा मालकच कोण ते ठरत नाही, मग हमी कोण देणार" हे मला पटत नाही. मालक कोण हे ठरवायला अवघड जावं अशीच मांडणी केलेली असते. सामाजिक सुरक्षेच्या 2020 च्या संहितेत या कामगारांचं नाव पहिल्यांदा आलं. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. कंपन्यांनी उलाढालीतला एक ते दोन टक्के वाटा त्यांच्या कल्याणासाठी द्यायचा आहे. विमा वगैरे होईल, चांगलंच आहे. पण आठवड्याला किमान इतके तास, किमान इतके पैसे, असं त्यात नाही. न्यूयॉर्क शहरानं ॲपवरून खाणं पोचवणाऱ्यांना डिसेंबर 2023 पासून तासाला किमान 17.96 डॉलर लागू केले, आणि ते ठरवताना ऑर्डरची वाट पाहण्याचा वेळही धरला. आपल्याकडे 25 आणि 31 डिसेंबर 2025 ला या मुलांनी मोठ्या शहरांत काम बंद ठेवलं. आमचा पोरगा त्या दोन्ही दिवशी आला होता. "एक दिवस बंद केलं तर आयडी चालू ठेवतील का, काकू?"

इथपर्यंत मी दुसऱ्याबद्दल बोलत होते. आता घरचं सांगते.

या मुलाची आई आमच्या शेतात येते. आमची सात एकर केळी आहे. कापणीला टोळी बोलवायची, टोळीनं घड कापून गाडी भरायची, पैसे गाडीवर. मागच्या वैशाखात व्यापाऱ्यानं आदल्या रात्री फोन केला, सकाळी सहाला गाडी लावतो. टोळीतली अकरा माणसं साडेपाचला बांधावर हजर. गाडी आली नाही. व्यापारी फोन उचलेना. रातोरात भाव उतरला असणार आणि त्याला दुसरीकडे स्वस्त माल मिळाला असणार. एक वाजेपर्यंत माणसं निंबाखाली बसून होती. मग धाकटे दीर म्हणाले, "उद्या या." ती उठली आणि गेली. दुसऱ्या शेतावरचं बोलावणं आमच्यासाठी त्यांनी नाकारलं होतं, हे मला नंतर कळलं. मी काय केलं? दोनदा चहा पाठवला, आणि दुसऱ्यांदा बिस्किटंही. आपण माणसांना माणसासारखं वागवतो, या समाधानात रात्री झोपले.

पार्सलवाल्याचं ऐकून मला त्याच्या कंपनीचा राग आला होता. पण ते निंबाचं झाड आठवलं आणि राग धरायला जागा उरली नाही.

घरात विषय काढला. यजमान नेहमीप्रमाणे पेपरात. दीर मात्र उसळले. "वहिनी, मला कोण देतं? भाव पडला की माझा माल झाडावर पिकून जातो. व्यापारी मला हिरमोडीचे पैसे देतो का?" त्यांचंही खोटं नाही. केंद्र ज्या 22 पिकांना हमीभाव जाहीर करतं त्यांत केळी नाही. हमीभाव मागायला दीर स्वतः बऱ्हाणपूरला मोर्चात गेले होते, घसा बसवून आले होते. मी त्यांना एवढंच म्हटलं, "भाऊजी, तुम्ही सरकारकडे जे मागता, तेच ती माणसं आपल्याकडे मागतील. फरक इतकाच की ती अजून मागत नाहीत."

दोन दिवस ते माझ्याशी तुटक वागले. तिसऱ्या दिवशी स्वतःच हिशोब मांडून बसले. वर्षातून गाडी चुकते किती वेळा? चार, फार तर पाच. अकरा माणसांची अर्धी मजुरी गुणिले पाच. आकडा आला तेव्हा ते जरा ओशाळले, कारण त्याहून जास्त आम्ही एका लग्नातल्या आहेरावर घालवतो. मग ठरलं, आपण बोलावलं आणि गाडी नाही आली, तर अर्धा दिवस आपला. व्यापाऱ्यांकडून त्यासाठी विसार घ्यायचा. दोघांनी सरळ नाही म्हणून सांगितलं, एकानं हो म्हटलं. शेजारचे शेतकरी आमच्यावर नाराज आहेत, तुम्ही रीत बिघडवता म्हणतात. खरंच बिघडेल का, आणि भाव आणखी पडले तर आमच्याच्यानं हे निभेल का, याची खात्री दिरांनाही नाही आणि मलाही नाही.

पार्सलवाल्या पोराचं मात्र मला काही करता आलं नाही. वस्तू वेगवेगळ्या मागवते, इतकंच. सून म्हणते, सासूबाई, हा काही उपाय आहे का? नाहीच.

या माघात पहिल्यांदा गाडी चुकली. अकरा वाजता दिरांनी गड्याच्या हाती पैसे पाठवले. मीही मागोमाग गेले, मला बघायचं होतं. त्या मुलाच्या आईनं नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि पदर सावरत माझ्याकडे आली.

"बाई, हे कशाचे? आज तर एकपण घड कापला नाही."

"बसल्याचे," मी म्हटलं.

तिनं मागे वळून मुकादमाकडे पाहिलं. मग नोटा कनवटीला लावल्या, आणि उरलेला वेळ बांधावरचं गवत काढायला बसली. मी नको म्हणत होते तरी.