एक पूल आणि एक चूक

आमच्या शाळेच्या संगणक-कक्षांतील सहा यंत्रें तारेनें एकमेकांस जोडलेलीं आहेत. परंतु गतवर्षापर्यंत त्यांस इंटरनेट नव्हतें. कार्यालयांतून नवी तार ओढावी तर खर्च फार. तेथील बिनतारी केंद्राच्या लहरी मात्र कक्षापर्यंत पोंचत. तेव्हां एका जुन्या संगणकावर लिनक्स घालून त्यासच या दोहोंमधील दुवा करावें, असें आम्हीं योजिलें. फिनलंडांतील लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा आरंभ केला. ती प्रणाली विनामूल्य मिळते व जुन्या यंत्रावरही चालते.

विद्यार्थ्यांसमक्ष आम्हीं मोठ्या ऐटीनें दोन्ही बाजू जोडणारा ‘ब्रिज’ म्हणजे पूल रचावयास घेतला. पण बिनतारी बाजू कांहीं केल्या त्यांत सामील होईना. इतक्यांत नववींतील एक मुलगा हळूच म्हणाला, “सर, त्या केंद्राला फक्त हाच संगणक ओळखीचा आहे, बाकीचे नाहींत.” “मध्यें बोलूं नकोस,” असें म्हणून आम्हीं त्यास गप्प बसविलें.

रात्रीं घरीं माहिती वाचतांना आम्ही वरमलों. प्रत्येक यंत्रास ४८ बिटांचा पत्ता असतो, व पूल दुसऱ्याचें पाकीट मूळ पत्त्यासहच पुढें देतो. परंतु बिनतारी केंद्र सामान्यतः आपणाकडे नोंदलेल्या यंत्राच्याच पत्त्याचीं पाकिटें स्वीकारतें. मुलाचें म्हणणें अक्षरशः खरें होतें!

दुसऱ्या दिवशीं पुलाचा नाद सोडून त्या संगणकास राउटर केलें. पाकिटें पुढें धाडण्याची परवानगी देणारा आंकडा ० होता, तो १ केला. तारेकडील यंत्रांस निराळ्या मालिकेंतील पत्ते दिले. आणि त्यांचीं पाकिटें या संगणकानें स्वतःच्या नांवानें पाठवावींत व आलेलीं उत्तरें ज्याचीं त्यास पोंचवावींत, असा नियम घातला. यास ‘मास्करेडिंग’ म्हणतात. तासाभरांत सहाही यंत्रें चालूं लागलीं.

तो मुलगा मागच्या बांकावर मुकाट बसला होता. “काल तुझें बरोबर होतें, चूक आमची,” असें आम्हीं सर्व वर्गासमोर सांगितलें. तो लाजला, पण त्या दिवसापासून पुनः प्रश्न विचारूं लागला.

अनोळखी यंत्रांचा निरोप स्वतःच्या नांवावर घेऊन पुढें नेण्याचें काम तो जुना संगणक आजही करीत आहे. आम्हीं मात्र ओळखीच्या मुलाचा शब्द वाटेंतच अडविला होता. पालकांसही आमची एवढीच विनंती कीं, मूल मध्यें बोललें, तर निदान त्याचें वाक्य पुरें होऊं द्यावें.